काटा थांबेपर्यंत

बाबा मापारी होते, मानोऱ्याच्या बाजार समितीत.
पोतं चढलं की काटा थोडा वेळ थरथरायचा,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखा,
आणि तेवढा वेळ ते कोणाशी बोलत नसत.
अडत्या म्हणायचा, "झालं ना गा लहानू, सांग आकडा."
ते म्हणायचे, "थांबू दे त्याले."

एवढंच.
याहून मोठं तत्त्व त्यांच्याकडे नव्हतं.
देव आहे की नाही, यावर ते कधी बोलले नाहीत.
मत कोणाला दिलं, ते आईलाही सांगितलं नाही.
पण पोत्यामागे अर्धा किलो कापायचा रिवाज होता,
धुळीचा, ओलीचा, बारदानाचा,
आणि तो काटा थांबायच्या आतच
कापावा लागे.

एका तुरीच्या हंगामानंतर
त्यांचं लायसन नवं झालं नाही.
कोणी काढून घेतलं नाही, कोणी भांडलं नाही,
कागद फक्त टेबलावरून हलला नाही.
"थो बी थांबला," आई म्हणायची,
आणि फाटकी पोती शिवायला बसायची,
पोत्याला दहा पैसे,
दाभण, सुतळी, कंदिलाच्या उजेडात अंगठा.
बाबा जिनिंगच्या गोदामावर रात्रीची राखण करू लागले,
जिथं वजन करायला काही नव्हतं.

अकोल्याहून सुटीत आलो तेव्हा विचारलं होतं,
"बाबा, त्यातून मिळालं काय?"
ते बराच वेळ गप्प राहिले.
मीही थांबलो, घरची रीतच ती.
मग म्हणाले, "झोप."

मी भारावून ते वहीत लिहून ठेवलं.
आईला सांगितलं, तर तिनं दातानं सुतळी तोडली.
"हाव. त्यायले झोप लागे.
मी जागीच राहो,
डब्यात ज्वारी किती हाये, थे मोजत."
त्या वहीतला शब्द मी खोडला नाही.
पण त्याच्यापुढची ओळ
अजून कोरी सोडून ठेवली आहे.

कधी वाटतं, माणसानं काहीतरी घट्ट धरलं
की जगण्याला वजन येतं.
कधी वाटतं, वजन पोत्याचंच असतं,
काटा फक्त सांगतो,
आणि पोतं ज्याच्या पाठीवर असतं
त्याला कोणी आकडा विचारत नाही.

शेवटी शेवटी त्यांना नावं आठवेनाशी झाली.
मला ते दौलत म्हणत. दौलत त्यांचा हमाल होता.
पण बशीत चहा ओतला
की वरची लाट पूर्ण निवेपर्यंत
ते ओठ लावत नसत.
ही निष्ठा म्हणायची की हाताची खोड,
वाशीमच्या डॉक्टरला काय विचारणार?
चहा मात्र रोज गार व्हायचा,
आणि आई रोज पुन्हा तापवायची.

गेल्या महिन्यात तिला घेऊन रेशनच्या दुकानात गेलो.
यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही,
रेषा दाभणानं नेल्या.
पदराला पुसून, फुंकर घालून
चौथ्यांदा लावला तेव्हा दिवा हिरवा झाला.
काट्यावर आता काटा नसतो,
लाल आकडे उड्या मारतात.
पोरानं गहू ओतले, पिशवी उचलायला हात घातला,
मागं रांग, कोणीतरी म्हणालं, "चाल ना वो बुढे."

तिनं त्या पोराचं मनगट धरलं.
"थांबू दे त्याले," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.
आकडे थांबले.
तीस ग्रॅम जास्त होते.

बाबांनी मूठ भरून परत टाकले असते.
तिनं पिशवीच्या तोंडाला गच्च गाठ मारली
आणि उन्हात माझ्यापुढे चालू लागली.
पिंपळापाशी आल्यावर, मागं न बघता म्हणाली,
"येवढं माह्यं."

आणि जरा पुढं गेल्यावर,
"त्यायले सांगू नोको."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.